वस्तीतली मुलं 'भाई'च्या हाती जाऊ नयेत म्हणून: नव्या कार्यकर्त्यांसाठी पायरी-पायरीने

दोन टोळक्यांत राडा होतो, कोयते निघतात, पोलीस पाच-सहा पोरं उचलून नेतात आणि दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात बैठक भरते. 'ही पोरं हाताबाहेर गेलीत' इथपासून 'आपण काहीतरी केलं पाहिजे' इथपर्यंत सगळं बोलून होतं आणि लोक घरी जातात. त्यानंतरही ज्यांना स्वस्थ बसवत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी महाराष्ट्रातल्या एका शहरी वस्तीत बरीच वर्षं हे काम केलंय. सुरुवातीला कोणाकडे जायचं, कोणता कागद लागतो, कुठे गप्प बसायचं आणि कुठे अजिबात गप्प बसायचं नाही, हे सांगणारं कोणी भेटत नाही. तुमचा तो वेळ वाचावा एवढीच इच्छा आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ज्या पोराला वस्ती 'टपोरी' म्हणते, त्याला बहुतेक वेळा कोणीतरी मोठा माणूस वापरत असतो. पोराकडे बोट दाखवणं सोपं असतं, म्हणून तो मोठा माणूस दिसत नाही. हिंसा आणि शोषण ही दोन वेगळी कामं समजू नका. चौदाव्या वर्षी ज्याच्याकडून पुड्या पोचवून घेतल्या जातात, तोच सोळाव्या वर्षी कोयता घेऊन उभा असतो.

१. आधी वस्ती वाचा

गटाचं नाव, बॅनर, टी-शर्ट हे सगळं नंतर. पहिले दोन-तीन महिने फक्त पाहा आणि ऐका. मुलांना एक मोठा कागद आणि खडू द्या आणि वस्तीचा नकाशा काढायला सांगा. कुठे जायला आवडतं, कुठे भीती वाटते, अंधार पडल्यावर कोणती गल्ली टाळता, एवढंच विचारा. मुली हमखास सार्वजनिक शौचालयाचा रस्ता दाखवतात. मुलगे बंद पडलेली इमारत, नाल्याकाठचा कट्टा किंवा एखादं गॅरेज दाखवतात. मुलांचा नकाशा आणि मुलींचा नकाशा वेगळा काढून घ्या. एकत्र बसवलं की मुली बोलत नाहीत.

मग शाळेत जा. बऱ्याच ठिकाणी पालिकेची शाळा सातवी-आठवीला संपते आणि पुढची शाळा लांब असते. या वळणावर किती मुलं गळाली, हे मुख्याध्यापकांना विचारा. माझ्या अनुभवात 'भाई'ला पोरं मिळतात ती इथून. सकाळी अकरा वाजता कट्ट्यावर कोण बसलेलं असतं ते पाहा, तुमची यादी तयार होईल.

मूल वापरलं जातंय याच्या खुणा शिकून घ्या. एकटी खूण काही सांगत नाही, पण तीन-चार एकत्र दिसल्या तर लक्ष द्या:

- घरात पैसे नसताना नवे बूट, नवा फोन, आणि 'मित्राने दिला' हे उत्तर
- दोन फोन, त्यातला एक सतत खिशात आणि सायलेंटवर
- परवाना नसताना रोज वेगळ्या माणसाची मोटारसायकल
- कुठलं तरी 'पार्सल' देऊन येण्यासाठी अचानक उठून जाणं
- आईच्या बँक खात्याचं एटीएम कार्ड किंवा सिम कोणीतरी 'थोडे दिवस वापरायला' मागणं
- जुने मित्र तुटणं आणि वयाने बऱ्याच मोठ्या एकाच माणसाचं नाव सारखं तोंडात येणं
- मुलीच्या बाबतीत: कोणीतरी फोनचं रिचार्ज भरतंय आणि ती फोन वाजला की दचकते

एटीएम कार्डाचं थोडं जास्त सांगतो, कारण लोक ते गंभीर धरत नाहीत. पंधरा वर्षांच्या एका मुलाने आईचं कार्ड आणि पिन ओळखीच्या दादाला दिला. बदल्यात दोन हजार रुपये मिळाले. आई धुणीभांडी करणारी, तिला मेसेज वाचता येत नव्हते. त्या खात्यातून ऑनलाइन फसवणुकीचा पैसा फिरला, खातं गोठलं आणि पोलिसांची नोटीस आईच्या नावाने आली. तिची महिन्याची कमाई अडकली ती वेगळीच. कार्ड मागणारा दादा चौकशीच्या कागदावर कुठेही नव्हता. ही गोष्ट महिला बचत गटाच्या बैठकीत जरूर सांगा. आयांना ती लगेच कळते.

२. गट छोटा ठेवा आणि नियम लिहून काढा

पाच ते सात माणसं पुरेत. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई असावी, कारण तिला प्रत्येक घराचं दार उघडं असतं. निम्म्या तरी बायका हव्यात. ज्याच्याशी मोठे मुलगे मनातलं बोलतात असा एक पुरुष हवा. तो व्यायामशाळेतला असेल, रिक्षावाला असेल किंवा कबड्डी शिकवणारा असेल. कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी गटाच्या डोक्यावर बसवू नका. निवडणुकीत पोरांची गरज कोणाला लागते, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक असतं.

तुम्ही गावात असाल तर ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर आधीच असेल. सरपंच, अंगणवाडी सेविका, शिक्षक, मुलांचे प्रतिनिधी अशी तिची रचना असते. ग्रामपंचायतीत जाऊन शेवटची बैठक कधी झाली ते विचारा. झोपलेली समिती जागी करणं नवा गट काढण्यापेक्षा बरं, कारण तिला सरकारी ओळख असते. शहरात प्रभाग पातळीवर अशी समिती आहे का, ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात कळेल.

काम सुरू करायला संस्था नोंदवावी लागत नाही. पुढे निधी घ्यायचा झाला की १८६०चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५०चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांचं पाहता येईल.

पहिल्याच बैठकीत हे नियम कागदावर घ्या आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. गटातलं कोणीही मुलासोबत बंद खोलीत एकटं बसणार नाही. मुलाला खासगीत मेसेज करायचा तर गटातल्या दुसऱ्या माणसाला ते माहीत असेल. मारणार नाही, शिवी देणार नाही. भेटवस्तू किंवा उसने पैसे देणार नाही. गटातल्याच कोणाविरुद्ध मुलाने तक्रार केली, तर ती व्यक्ती त्याच दिवसापासून मुलांपासून दूर राहील आणि तक्रार पोलिसांकडे जाईल. हे लिहिताना काही जण दुखावतात, 'आमच्यावर संशय घेता का' म्हणतात. तरी लिहा. मुलांच्या कामात वाईट हेतूचा माणूस आपणहून येतो, आणि तो सगळ्यात प्रेमळ वाटतो.

सापळा: घरातून पळालेलं मूल कार्यकर्त्याच्या घरी ठेवणं. हेतू कितीही चांगला असो, बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे पालकांपासून एकटं पडलेलं मूल सापडलं तर २४ तासांत कळवावं लागतं: १०९८ला, पोलिसांना, बाल कल्याण समितीला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला. नोंदणी न करता मुलांना ठेवण्याची सोय चालवणं हा तर गुन्हाच आहे.

३. संकट येण्याआधी ओळखी करून ठेवा

रात्री अकराला पोलीस ठाण्यात पहिल्यांदा पाऊल ठेवलं की कोणी ऐकून घेत नाही. आधी एकदा दिवसा, शांतपणे, दोघंजण जाऊन या. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याचं नाव आणि नंबर घ्या. ठाण्यात कोणालाच हे पद माहीत नसेल तर वरिष्ठ निरीक्षकांना नम्रपणे लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

बाकीची दारं अशी. बाल कल्याण समिती ही अध्यक्ष आणि चार सदस्यांची असते आणि काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचे निर्णय घेते. बाल न्याय मंडळ गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांचं बघतं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. नवे लोक या दोन्हींत हमखास गोंधळतात आणि चुकीच्या दारात दिवस घालवतात. जिल्हा बाल संरक्षण कक्ष महिला व बाल विकास खात्याकडे असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं.

फोन नंबर भिंतीवर रंगवून घ्या: मुलांसाठी १०९८, तातडीसाठी ११२, कायदेशीर मदतीसाठी १५१००, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीसाठी १९३०. यातली १०९८ सेवा १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या कामातून उभी राहिली. आता ती सरकार चालवतं आणि ११२शी जोडलेली आहे. मुलांकडून एकदा खरंच फोन लावून घ्या. फोनवर काय विचारतात हे ऐकलेलं मूल वेळ आल्यावर घाबरत नाही.

गटाकडे तयार असावेत असे कागद:

- गटाच्या सदस्यांची यादी, ओळखपत्रांच्या प्रती आणि सह्या केलेली नियमावली
- पोलीस ठाणं, बाल संरक्षण कक्ष आणि शाळेला दिलेल्या पत्रांच्या पोच
- कार्यक्रमाला येणाऱ्या मुलांसाठी पालकांचं संमतीपत्र, मराठीत आणि एका पानाचं
- कुलूपबंद ठेवायची नोंदवही
- कोऱ्या कागदांची फाईल आणि दोन चालू पेनं. तक्रार लिहिताना ठाण्यात कागद शोधण्यात फार वेळ जातो

आणि पालकांना सांगा: मुलाचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून एका जागी ठेवा. हे का, ते सातव्या पायरीत येईल.

४. ज्यांच्यासाठी काम आहे, ती मुलं शिबिराला येत नाहीत

'व्यसनमुक्ती शिबिर' असा फलक लावा, अभ्यासू मुलं येतील, भाषण ऐकतील आणि नाश्ता करून जातील. कट्ट्यावरची पोरं लांबून बघतील. त्यांच्यापर्यंत पोचायला एकच उपाय मी चालताना पाहिलाय: ठरलेली जागा, ठरलेली वेळ, ठरलेला माणूस, आणि खाडा नाही. संध्याकाळी सहा ते आठ मैदानावर दादा असतो म्हणजे असतो. पाऊस असला तरी असतो. या पोरांच्या आयुष्यात शब्द पाळणारा मोठा माणूस फार थोड्यांच्या वाट्याला आलेला असतो. 'भाई' त्यांना आवडतो यात पैशाचा भाग आहेच, पण 'जेवलास का' हे तो विचारतो, हेही कारण आहे. आपण ते त्याच्या आधी विचारायला हवं.

खेळ हा बहाणा आहे, पण चांगला बहाणा आहे. पहिले काही आठवडे उपदेश करू नका. मग हळूहळू कामाचं बोलणं निघतं: शाळा सुटलेल्याला दहावी करायची असते, पण वर्गात लहान मुलांत बसायची लाज वाटते. त्याला सतरा नंबर फॉर्मबद्दल सांगा. खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसता येतं, शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि मुदत चुकली तर वर्ष जातं. फॉर्म भरायला त्याच्यासोबत तुम्ही जा. 'जाऊन ये' म्हटलं की तो जात नाही. त्यानंतर आयटीआय. ज्या पोराला महिन्याच्या शेवटी स्वतःच्या कष्टाचे पैसे दिसतात, त्याला पार्सलं पोचवायला लावणं अवघड होतं.

सापळा: पोलिसांचा धाक. 'पोरांना एकदा जेल दाखवा, सरळ होतील' असं सांगणारे खूप भेटतील. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून हे करून पाहिलंय. मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दरडावून घेत. नंतर काटेकोर चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा अशी भेट घडवलेली मुलं भेट न घडवलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे करताना दिसली. घाबरलेलं पोरगं मोठ्यांपासून लांब जातं आणि लांब गेलेलं पोरगं कोणाच्या हाती लागतं ते आपण पाहतोच.

५. भांडण पेटायच्या आधी मध्ये पडा

गल्लीतल्या मारामाऱ्या अचानक होत नाहीत. आधी कोणाच्या तरी रीलवर कमेंट येते, स्टेटसला 'बघून घेतो' पडतं, कोणीतरी रात्री बाराला तलवारीने केक कापतो आणि दुसऱ्या टोळक्याच्या भागातून गाडी पळवत नेतो. मग दोन-तीन दिवसांत हाणामारी होते. मारामारी झाली की बदला ठरतो. पहिल्या मारामारीनंतरचे आणि बदल्याच्या आधीचे दोन-तीन दिवस सगळ्यात मोलाचे.

शिकागोत साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी २००० मध्ये सुरू केलेलं काम याच विचारावर उभं होतं: हिंसा एकाकडून दुसऱ्याकडे पसरते, म्हणून ती पसरण्याच्या जागी अडवायची. पोरं ज्यांचं ऐकतात अशी त्याच भागातली माणसं पुढच्या बदल्याच्या आधीच जखमी पोराच्या मित्रांपर्यंत पोचत. सगळीकडे सारखं यश आलं नाही, पण मध्ये पडणारा माणूस वस्तीतलाच हवा आणि पोरांच्या विश्वासातला हवा, हा धडा आपल्याकडेही लागू पडतो.

आता करायचं कसं ते सांगतो. दोन्ही बाजूंना एकत्र बोलावू नका. पंचायत भरवून 'हात मिळवा' म्हणायचं तर अजिबात नको. दहा लोकांसमोर मिळवलेला हात संध्याकाळपर्यंत टिकत नाही, कारण चारचौघांत नमतं घेतल्याची आग आत राहते. एकेकाला वेगळं गाठा. ज्याला मार बसलाय त्याच्याकडे आधी जा, दवाखान्यातच जा. बसा, पाणी द्या, ऐका. 'जाऊ दे रे' हे वाक्य तोंडातून काढू नका. त्याचा अपमान झालेला असतो आणि तुम्ही तो लहान करताय असं त्याला वाटतं. त्याऐवजी विचारा: 'आता तुझ्या मनात काय आहे? तू आत गेलास तर घरी कोण बघणार?' बहुतेक पोरांना मागे फिरायचं असतं, पण घाबरला म्हणून मागे फिरला असं दिसायला नको असतं. त्यांना कारण द्या. 'आजी आजारी आहे, चार दिवस गावी जा' हेही चालतं. रागाच्या त्या चार दिवसांत पोरगं वस्तीत नसलं की पुष्कळ निभावतं.

गणपती विसर्जन, दहीहंडी, एकतीस डिसेंबर, निवडणुकीचा प्रचार या दिवसांच्या आधीच गटातल्या प्रत्येकाने आपापली पोरं वाटून घ्यावीत.

दोन गोष्टी सक्त मना. हातात शस्त्र असलेल्याच्या समोर जायचं नाही, ११२ लावायचा. आणि पोराने 'दादा हे ठेव' म्हणून कोयता, तलवार किंवा गावठी पिस्तूल दिलं तर तो तुमच्या घरी ठेवायचा नाही. उद्या तो पुरावा ठरतो आणि सापडतो तुमच्या घरात. वकिलाला सोबत घेऊन त्याच वेळी पोलिसांकडे जा.

६. मुलाने अत्याचाराबद्दल सांगितलं तर

हे वाचून दोनदा उजळणी करा, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही.

मूल बोलायला लागलं की हातातलं काम थांबवा. चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नका. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही' हे म्हणा. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही. त्याऐवजी सांगा, 'तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन.' खोदून विचारू नका. कोण, कुठे, आत्ता धोका आहे का, एवढं पुरे. मुलाचेच शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, तारीख-वेळ घाला. व्हिडिओ काढू नका. मुलाला तीच गोष्ट चार जणांसमोर सांगायला लावू नका.

लैंगिक अत्याचार असेल तर पॉक्सो, म्हणजे २०१२चा लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम लागतो. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल यात येतं, मुलगाही. मुलग्यांचं दुःख वस्तीत हसण्यावारी नेतात आणि ती जखम आयुष्यभर चिघळते. या कायद्यात पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. माहिती असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो.

ठाण्यात जाण्याआधी मुलाला आणि आईला त्यांचे हक्क सांगा. जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल त्या जागी घेता येतो. शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. आईवडील किंवा मुलाच्या विश्वासाची व्यक्ती सोबत बसू शकते. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. एफआयआरची प्रत मोफत मिळते. 'हे आमच्या हद्दीत नाही' म्हणाले तर शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न पाहता, गुन्हा नोंदवायला सांगा. उपचार आधी, दवाखाना त्यासाठी एफआयआरची वाट पाहायला लावू शकत नाही. पुढे बाल कल्याण समितीकडे मुलासाठी सहायक व्यक्ती मागा, ती खटला संपेपर्यंत कुटुंबाच्या सोबत असते. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेखाली आर्थिक साहाय्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा.

सापळा, आणि सगळ्यात मोठा: मिटवणं. आरोपी नातलग असतो, घरमालक असतो, वस्तीतल्या मंडळाचा अध्यक्ष असतो. संध्याकाळी चार माणसं येतात, 'मुलीच्या भविष्याचा विचार करा' म्हणतात, पैसे ठेवतात. तुमच्या गटाला मध्यस्थ म्हणून बसवायचा प्रयत्न होतो, कारण तुमच्यावर लोकांचा विश्वास असतो. त्या खोलीत बसूच नका. तुम्ही बसलात की उद्या दुसरं मूल तुमच्याकडे येणार नाही.

फोटो दाखवून धमकावण्याचे प्रकार वाढलेत. असा फोटो 'पुरावा' म्हणूनही स्वतःच्या फोनवर घेऊ नका आणि पुढे पाठवू नका. मुलांची अशी चित्रं जवळ ठेवणं, पाठवणं हाच गुन्हा आहे. मुलाचा फोन आहे तसा, काही न पुसता, पोलिसांकडे न्या. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते.

७. मुलगा पोलिसांच्या ताब्यात गेला तर

पहिला प्रश्न वयाचा. बाल न्याय अधिनियमात वय ठरवायला क्रम दिलाय: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तेही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका. प्लास्टिकच्या पिशवीचं म्हणालो ते यासाठी. दाखला रात्रीच ठाण्यात पोचला तर मूल मोठ्यांच्या कोठडीत जात नाही.

मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत आणि २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. ठाण्यात आवाज चढवू नका. हे सगळं शांतपणे, लेखी म्हणा. १५१०० वरून वकील मागा.

जामिनाबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. मुलाला जामीन हा नियम आहे. पण सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल किंवा त्याला धोका होईल असं वाटलं, तर मंडळ नाकारू शकतं. म्हणून पालकांना 'साहेब, सोडा' एवढंच म्हणायला पाठवू नका. सोबत लिहून द्या: मुलगा कुठे राहील, कोणाच्या देखरेखीखाली, कोणत्या शाळेत किंवा कामात जाईल, त्या टोळक्यापासून लांब कसा राहील. मामाच्या गावचा पत्ता, मुख्याध्यापकांचं पत्र, गटातल्या एका माणसाची हमी. परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसरला) भेटा, कारण त्याचा सामाजिक अहवाल मंडळ वाचतं. मी पाहिलंय, मळकी साडी नेसलेली आई चार ओळींचा असा कागद घेऊन उभी राहिली आणि मंडळाच्या सदस्यांनी तिला जवळ बोलावून प्रत्येक ओळ विचारली. दुपारी ती मुलाला घेऊन बाहेर पडली.

आणि वापरणाऱ्याचं नाव कागदावर येऊ द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ प्रमाणे मुलाला गुन्हा करायला कामाला लावणाऱ्याला किमान तीन ते कमाल दहा वर्षं शिक्षा आहे. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७८ मुलांकडून अमली पदार्थ विकून किंवा पोचवून घेणाऱ्यासाठी आहे आणि कलम ८३ बेकायदा कामाला मुलं वापरणाऱ्यासाठी. दोन्हींत सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ही कलमं क्वचित लावली जातात, कारण कोणी मागत नाही. वकिलामार्फत मागा. त्याआधी मुलाच्या आणि कुटुंबाच्या सुरक्षेचं ठरवा; नाव घेतल्यावर ते त्याच गल्लीत राहणार असतात.

८. नोंदी आणि गुप्तता

नोंदवहीत मुलाचं नाव नको, खूण ठेवा. नाव आणि खूण जोडणारी यादी वेगळ्या कुलपात. व्हॉट्सअॅप गटावर कोणत्याही मुलाबद्दल काहीही लिहायचं नाही, 'आपल्या त्या गल्लीतला' असंसुद्धा नाही. मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, बाल न्याय अधिनियमातही आणि पॉक्सोतही. पत्रकार येतील, देणगीदार फोटो मागतील. मैदानाचा फोटो द्या, पोरांचा नको.

९. स्वतःला सांभाळा

धमकी आली तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, नुसतं बोलून सोडू नका. रात्री दोघांनी मिळूनच जा. महिन्यातून एकदा गटाने फक्त आपल्या मनावरचं बोलायला बसावं. बाहेरचा एखादा समुपदेशक मिळाला तर फार बरं. या कामात माणसं थकून गुपचूप येईनाशी होतात आणि पोरांना ते बरोबर कळतं.

१०. अठरावा वाढदिवस डोळ्यासमोर ठेवा

अठरा पूर्ण झाले की वरची सगळी छत्री एका रात्रीत मिटते. पुढचा गुन्हा मोठ्यांच्या कोर्टात आणि मोठ्यांच्या तुरुंगात. 'भाई'लाही ही तारीख माहीत असते. तोवर पोरगं त्याच्यासाठी सोयीचं, त्यानंतर तो नव्या चौदा वर्षांच्या पोराकडे वळतो. म्हणून सतरावं लागलं की त्या मुलासोबत बसून यादी करा: त्याच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं, मतदार नोंदणी, वाहन परवाना, आयटीआयचा प्रवेश किंवा कामाचं ठिकाण. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांना अठरानंतर अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या सांभाळाची, मदत मिळू शकते, ती जिल्हा बाल संरक्षण कक्षात आधीच विचारून ठेवा. मंडळापुढे प्रकरण झालेल्या मुलाला हेही सांगा, की बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे त्या जुन्या प्रकरणामुळे तो अपात्र ठरत नाही. अपवाद फक्त सोळावं ओलांडलेल्या आणि प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा. नोकरीचा अर्ज भरताना तो रकान्यापाशी अडखळेल, तेव्हा हे कलम लिहिलेला कागद त्याच्या खिशात असू द्या.